नव्या गाडीचा विमा : किती घ्यावा, कशाचा घ्यावा?

गाडीचा रंग, मॉडेल आणि कर्जाचा हप्ता यांवर घरात महिनाभर खल होतो. विम्यावर मात्र शोरूममध्ये पाच मिनिटांत सही होते. कोटेशनवर एक्स-शोरूम किंमत आणि आरटीओच्या खाली ‘इन्शुरन्स’ म्हणून एकच आकडा असतो. त्यात काय आहे आणि काय नाही, हे अनेकांना पहिल्या क्लेमच्या वेळीच कळते. सही करण्याआधी हे समज तपासून घ्या.

गैरसमज : विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो.
वस्तुस्थिती : थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे; तो कोणाकडून घ्यायचा, हे तुम्ही ठरवायचे. विमा नियामक इर्डाईच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार विक्रेत्याला ठरावीक कंपनीची सक्ती करता येत नाही. थर्ड पार्टीचा मूळ दर सरकार ठरवते. त्यामुळे फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात आणि रायडरमध्ये, म्हणजे जादा हप्ता देऊन घ्यायच्या जोड-संरक्षणात. दोन-तीन कंपन्यांचे दर मागवा, पण आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) आणि रायडर सारखेच ठेवून.

गैरसमज : नव्या गाडीला तीन वर्षांचा विमा असतोच.
वस्तुस्थिती : सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा विमा घ्यावा लागतो, पण तो फक्त थर्ड पार्टीचा. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग सहसा एकाच वर्षाचा असतो. पुढच्या वर्षी नूतनीकरण राहिले, तर गाडी चोरीला गेल्यावर एक रुपयाही मिळत नाही.

गैरसमज : थर्ड पार्टी म्हणजे पोलिसांना दाखवायचा कागद.
वस्तुस्थिती : सगळ्यात मोठे संकट हाच भाग पेलतो. अपघातात दुसऱ्या कोणाचा जीव गेला किंवा कोणी जखमी झाले, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई विमा कंपनी देते. या भरपाईला रकमेची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी मात्र साडेसात लाखांची मर्यादा असते. चालकाकडे वैध परवाना नसेल, तर कंपनी ती रक्कम पुढे मालकाकडून वसूल करू शकते. म्हणून चावी कोणाच्या हाती देतो, याचाही विचार करा.

गैरसमज : आयडीव्ही कमी केली की पैसे वाचतात.
वस्तुस्थिती : गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला, तर जास्तीत जास्त आयडीव्हीइतकीच रक्कम मिळते. नव्या गाडीची आयडीव्ही सहसा एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्के असते. दहा लाखांच्या गाडीची आयडीव्ही साडेनऊऐवजी आठ लाख दाखवली, तर थोड्याशा हप्त्यासाठी दीड लाखांवर पाणी सोडावे लागते. शिवाय आयडीव्हीत रस्ता कर आणि नोंदणीचा खर्च धरलेला नसतो. कर्ज मोठे असेल, तर ही तूट भरून काढणारा ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ रायडर घ्यावा.

गैरसमज : ‘फुल इन्शुरन्स’ म्हणजे सगळा खर्च मिळतो.
वस्तुस्थिती : बंपरचे उदाहरण घ्या. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. बंपर बारा हजारांचा असेल, तर सहा हजार राहतात. १५०० सीसीपर्यंतच्या कारला सक्तीची हजार रुपयांची वजावट असते. हाती येतात पाच हजार. झिरो डेप घेतले, तर घसारा कापला जात नाही, हजाराची वजावट मात्र राहतेच. आजच्या गाड्यांत प्लास्टिक भरपूर असल्याने पहिली काही वर्षे हा रायडर घेण्याजोगा आहे. वर्षाला किती क्लेम चालतील, तेवढे विचारून घ्या.

गैरसमज : जितके रायडर, तितकी सुरक्षितता.
वस्तुस्थिती : गाडी कुठे उभी राहते, ते आधी पाहा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडाले. पुराचे नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत येते. पण पाण्यात उभ्या गाडीला स्टार्टर मारला आणि इंजिनात पाणी शिरून ते निकामी झाले, तर मूळ पॉलिसी सहसा त्याचे पैसे देत नाही. सखल भागात किंवा तळघरात पार्किंग असेल, तर इंजिन प्रोटेक्ट घ्या. चावी, टायर यांचे रायडर खिशाला झेपणाऱ्या खर्चासाठी असतात. ते टाळले तरी चालते.

गैरसमज : जुनी गाडी विकली की नो क्लेम बोनस गेला.
वस्तुस्थिती : बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. सलग पाच वर्षे क्लेम नसेल, तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. जुन्या विमा कंपनीकडून प्रमाणपत्र घ्या. ते तीन वर्षांच्या आत नव्या गाडीसाठी वापरता येते.

जे नुकसान महिन्याच्या पगारातून भरता येईल, त्याच्या विम्यावर पैसे घालवू नका. ज्याने घराची घडी विस्कटेल, तिथे हात आखडता घेऊ नका. आणि शोरूममध्ये तो एकच आकडा समोर आला, की सही करण्यापूर्वी त्याची फोड लेखी मागा.