भिंतीआडून हमरस्त्यावर

न्यूयॉर्कमध्ये सेंट पॅट्रिकच्या नावाची दोन देवळं आहेत. जुनं मॉट स्ट्रीट परिसरातल्या अरुंद गल्ल्यांत, १८१५ साली खुलं झालेलं. त्याच्याभोवती विटांची उंच भिंत आहे. नवं फिफ्थ ॲव्हेन्यूवर, पांढऱ्या संगमरवराचं, थेट हमरस्त्याला पायऱ्या लावून बसलेलं. या दोन जागांमध्ये एका परागंदा समाजाची अर्ध्याहून अधिक शतकाची वाटचाल आहे.

ती भिंत शोभेची नव्हती. आयरिश कॅथलिक म्हणजे उपरे, पोपचे हस्तक, असं मानणारे जमाव तेव्हा चर्चवर चालून येत. १८४४ साली फिलाडेल्फियात चर्च जाळली गेली, तेव्हा न्यूयॉर्कचे बिशप जॉन ह्यूज यांनी आपल्या चर्चभोवती हत्यारबंद माणसं उभी केली. एक जरी चर्च पेटलं तरी या शहराचं जळून दुसरं मॉस्को होईल, असं त्यांनी महापौरांना बजावल्याचं सांगतात. ह्यूज टायरोन परगण्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. १८१७ साली अमेरिकेत आले आणि मेरीलँडच्या एका सेमिनरीत माळीकाम करता करता तिथेच शिकून धर्मगुरू झाले.

मग बटाट्याचं पीक सडलं. १८४५ पासूनच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून अधिक देशोधडीला लागली. १८५५ पर्यंत न्यूयॉर्कमधला दर चौथा माणूस आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. पुरुष गोदीत आणि कालव्यांवर राबत, मुली श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक आणि झाडलोट करत. अशा लोकांना ह्यूज यांनी भव्य कॅथेड्रल बांधायला सांगितलं, तेही तेव्हा गावाबाहेर असलेल्या माळावर. लोकांनी त्याला ह्यूजचा खुळेपणा म्हटलं. मला मात्र त्यात विलक्षण शहाणपण दिसतं: पोट भरल्यावर मान मिळेल, याची वाट पाहायला ते तयार नव्हते.

नव्या कॅथेड्रललाही नाव पॅट्रिकचंच राहिलं. पाचव्या शतकातला हा संत मुळात आयरिश नव्हे. ब्रिटनमधून आयर्लंडमध्ये पळवून आणलेला, सोळाव्या वर्षी गुलाम झालेला मेंढपाळ. सहा वर्षांनी निसटला आणि पुढे धर्मप्रसारासाठी त्याच भूमीवर परतला. परमुलखात मेंढरं राखत प्रार्थना करणारं हे पोर बंदरावर उतरलेल्यांना किती जवळचं वाटलं असेल!

ह्यूज यांनी सुरुवातीला हजार हजार डॉलर देणारे १०३ जण मिळवले. पण खरा भार उचलला तो मोलकरणींनी आणि मजुरांनी, नाण्यानाण्याने. १५ ऑगस्ट १८५८ रोजी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, कोनशिला बसली. लाखभर माणूस लोटला होता. वास्तुकार होते जेम्स रेनविक. दोनच वर्षांत पैसे संपले, पाठोपाठ यादवी युद्ध आलं, काम थांबलं. १८६३ साली सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध दंगल उसळली, तिच्यात आयरिश जमावांनी काळ्या माणसांना ठार केलं. स्वतः हाकलले गेलेले लोक असे वागले, हे लपवून या वास्तूची गोष्ट सांगता येणार नाही. आजारी ह्यूज सज्जात बसून जमावाशी बोलले. पुढच्या जानेवारीत ते वारले. कॅथेड्रल तेव्हा अर्धवट भिंतींचं होतं.

युद्धानंतर ह्यूज यांच्या जागी आलेले आर्चबिशप जॉन मॅक्लॉस्की यांनी काम पुन्हा हाती घेतलं. १८७८ साली अपुऱ्या इमारतीतच मोठी जत्रा भरवून निधी गोळा केला गेला. २५ मे १८७९ रोजी दारं उघडली, १८८८ साली ३३० फुटी मनोरे पूर्ण झाले. कर्ज असलेल्या चर्चचा अभिषेक होत नसे. म्हणून तो विधी थेट १९१० साली झाला.

तळघरात आर्चबिशपांच्या शेजारी १९९० पासून पिएर तूसाँ विसावले आहेत. हैतीत गुलाम म्हणून जन्मलेले हे केशभूषाकार. भिंतीआडच्या जुन्या देवळासाठी त्यांनीही निधी जमवला होता.

२०२५ साली प्रवेशद्वाराच्या आत नवं भित्तिचित्र झालं. त्यात आयर्लंडमधल्या नॉक गावी लोकांना झालेलं मरियामातेचं दर्शन आहे, तेही कॅथेड्रल उघडलं त्याच १८७९ सालचं. शिवाय गलबतातून उतरणारी आयरिश कुटुंबं आहेत, आणि दुसऱ्या बाजूला आजचे स्थलांतरित. दाराशीच.