शस्त्रक्रियेनंतरचे व्रत

वैशाख शुद्ध पंचमीला गोव्याच्या डिचोली तालुक्यातील शिरगावी श्रीलईराई देवीची जत्रा भरते. हाती वेताची काठी, म्हणजे ‘बेत’ घेतलेले हजारो धोंड तळीवर स्नान करतात, देवीला मोगऱ्याच्या कळ्या वाहतात आणि रात्र सरता सरता होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. परगावाहून आलेल्या माणसाच्या स्मरणात निखाऱ्यांवरचा तो क्षण तेवढा राहतो. परंतु ज्याच्या घरी धोंड आहे त्याला ठाऊक असते की, त्या एका क्षणामागे नेमाने केलेले स्नान, शाकाहार, सोवळे आणि संयम यांचे कित्येक दिवस उभे असतात. अग्निदिव्य घटकाभराचे असते. व्रत त्याच्या पुष्कळ आधी सुरू झालेले असते.

या जत्रेची आठवण येथे होण्याचे कारण थोडे निराळे आहे. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया, जिला ‘बॅरिॲट्रिक सर्जरी’ म्हणतात, ती आता आपल्या मध्यमवर्गीय घरांतही अपरिचित राहिलेली नाही. कोणाची वहिनी, कोणाचे काका, कोणाचा तिशीतला मुलगा तिला सामोरा गेलेला असतो. त्या घरांतून एक समज हमखास आढळतो. शस्त्रक्रिया झाली म्हणजे अग्निदिव्य संपले, आता वजन आपोआप उतरेल, असे सर्वांना वाटते. वस्तुतः येथे क्रम उलटा आहे. निखाऱ्यांवरून चालणे आधी होते आणि व्रत त्यानंतर सुरू होते; तेही जन्मभराचे.

हा प्रश्न गोमंतकीयांच्या किती जिव्हाळ्याचा आहे, हे एका आकड्यावरून कळेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण शेकडा ११.४ आढळले, तर गोव्यात ते शेकडा २६.४, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. चार माणसे जेवायला बसली तर त्यांतील एकाला साखरेचा विकार आहे, असा याचा ढोबळ अर्थ. मधुमेह आणि वाढलेले पोट यांची सोबत जुनी आहे. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्यांत मधुमेही मोठ्या संख्येने असतात.

शिरगावसारख्या गावात शरीराला हालचाल शिकवावी लागत नसे. भातशेतीची नांगरणी, लावणी, कुळागरातील पाटाचे पाणी, विहिरीवरचा रहाट, डोक्यावरून आणलेला लाकडांचा भारा, यांतच दिवस जाई. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस या पट्ट्यात लोहखनिजाच्या खाणी वाढल्या. पुढे त्या इतक्या खोल गेल्या की शिरगावच्या विहिरी आणि शेते यांच्या पाण्याची तक्रार न्यायालयापर्यंत पोचली. २०१२ मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. खाणींमुळे मधुमेह झाला असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु शेत सुटले, दाराशी दुचाकी आली, नळ आला, मिक्सर आला, आणि अंगमेहनत आपल्या दिवसातून निमूटपणे निघून गेली. शीत मात्र ताटात पूर्वीएवढेच राहिले. जे शिरगावात झाले तेच बडोद्यात, इंदुरात, बेळगावात राहणाऱ्या आपल्या घरांतही निराळ्या मार्गाने झाले आहे.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. तिचे दोन प्रकार विशेष रूढ आहेत. एकात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून त्याची अरुंद नळी उरवतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाशी जोडतात. दोहोंमुळे भूक मंदावते, थोड्या अन्नाने तृप्ती होते आणि आतड्यांतील संप्रेरकांत बदल होऊन मधुमेहही बराच आटोक्यात येतो. हा उपचार हौसेचा नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. शस्त्रक्रिया झालेल्यांचे मृत्यूचे प्रमाण, तसे न केलेल्या तुल्य रुग्णांपेक्षा, वय आदी बाबी जमेस धरता, शेकडा २९ ने कमी भरले. तेव्हा ज्याला तिची खरी गरज आहे त्याला ‘जिभेवर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतले’ असे हिणवणे अज्ञानाचे आणि क्रूरपणाचेही आहे.

परंतु वजन उतरते तेव्हा केवळ चरबी उतरत नाही. तिच्याबरोबर स्नायूही झिजतात आणि हाडांची घनताही घटते. वर्षभरात तीस-पस्तीस किलो कमी झालेली बाई आरशात प्रसन्न दिसते, पण जिना चढताना तिचे पाय लटपटतात. याचे कारण हेच. चाकूला चरबी आणि बळ यांतला भेद कळत नाही. तो भेद हालचालीला कळतो.

याविषयीचा एक प्रयोग अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जठराची जोडणी बदललेल्या १२८ रुग्णांचे दोन गट केले. एकाला सहा महिने आठवड्याला किमान १२० मिनिटे व्यायाम करण्यास सांगितले. दुसऱ्याला आरोग्यविषयक व्याख्याने ऐकवली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांचे वजन जवळजवळ सारखेच उतरले होते! काट्यावर विश्वास ठेवणारा येथेच निराश होऊन व्यायाम सोडील. परंतु रक्ताची तपासणी केली तेव्हा व्यायाम करणाऱ्यांचे शरीर इन्सुलिनला अधिक चांगली साथ देऊ लागलेले दिसले आणि त्यांचा दमही वाढलेला आढळला. चालण्याचे फळ काट्यावर दिसत नाही. ते साखरेच्या तपासणीत, जिन्यावर आणि म्हातारपणी पडून हाड न मोडण्यात दिसते. ज्याने एवढे ध्यानी घेतले त्याचा व्यायाम सुटणार नाही.

दुसरी गोष्ट स्वतःच्या फसवणुकीची. २०१० मधील एका लहान पाहणीत २० रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी आणि सहा महिन्यांनंतर, आठवड्यात किती व्यायाम होतो, असे विचारले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तो सुमारे ४५ मिनिटांवरून २१२ मिनिटांवर गेला होता. अंगावर बांधलेल्या, हालचाल मोजणाऱ्या यंत्राने मात्र काही म्हणण्यासारखी वाढ दाखवली नाही. ती माणसे खोटे बोलत होती असे नाही. शरीर हलके झाले की आपण पुष्कळ हिंडलो असे मनाला वाटते. म्हणून पावले मोजणारे साधे यंत्र वापरावे, किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजची मिनिटे लिहावीत. व्रताला तिथी लागते, ती याचसाठी.

हे व्रत कसे पाळावे? बहुधा शस्त्रक्रियेच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला खाटेवरून उठवून चालवतात. पायांतील रक्त साकळू नये, हा त्यात हेतू असतो. घरी आल्यावर प्रथम दिवसातून चार-पाच वेळा काही मिनिटे चालावे आणि हळूहळू वेळ वाढवावी. पहिले चार ते सहा आठवडे पाण्याची कळशी, तांदळाचे पोते किंवा नातवंड उचलू नये. त्यानंतर डॉक्टरांच्या संमतीने आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे हे पहिले लक्ष्य ठेवावे. स्नायूंसाठी आठवड्यातून दोनदा तरी बळाचा व्यायाम हवा. त्याला व्यायामशाळाच लागते असे नाही. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहादा उठणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांनी उचलणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे एवढ्याने आरंभ होतो. गोव्याच्या पावसाळ्यात चार महिने रस्ता निसरडा असतो. तेव्हा घरचा सोपा, पडवी किंवा देवळाचा सभामंडप चालायला पुरतो.

हालचालीला आहाराची साथ हवी. स्नायू प्रथिनांनी टिकतात. सर्वसाधारणपणे रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने घेण्यास सांगतात. आपल्या ताटात बांगडा, अंडे, कुळीथ, मूग, दही आहेतच. फक्त त्यांचा घास भाताच्या आधी घ्यावा. जेवताना पाणी पिऊ नये, पण उरलेल्या दिवसात घोटघोट पीत राहावे. वैशाखाच्या उन्हात याचा विसर पडू देऊ नये. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि नियमित रक्ततपासणी जन्मभर चालू ठेवावी. मधुमेहाची औषधे पूर्वीच्याच मात्रेत घेत चालायला निघाले तर साखर एकाएकी उतरून घेरी येऊ शकते. म्हणून मात्रा डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यावी.

घरच्यांनाही या व्रतात वाटा आहे. आपल्याकडे प्रेम दोन वाक्यांत बोलते: ‘माझ्यासाठी एक घास घ्या’ आणि ‘आई, तुम्ही उठू नका, मी आहे ना!’ सुनेच्या तोंडी ही वाक्ये मायेची आहेत, पण या रुग्णाला दोन्ही मारक ठरतात. पहिल्याने लहान झालेले जठर पुन्हा ताणले जाते. दुसऱ्याने उरलेले स्नायू वितळतात. त्याऐवजी सुनेने म्हणावे, ‘आई, चला, आपण दोघी देवळापर्यंत जाऊन येऊ.’ सोबतीने चालणारा माणूस अधिक दिवस चालतो, आणि त्या अर्ध्या तासात घरातील कितीतरी अबोला सुटतो.

अखेरीस पुन्हा शिरगाव. बरेच दिवस मधुमेह असलेल्यांच्या तळपायांची जाणीव पुष्कळदा बोथट होते. भाजले तरी कळत नाही आणि जखम भरत नाही. शस्त्रक्रियेने साखर उतरली तरी गेलेली जाणीव परत येईलच असे नाही. अशा धोंडाने निखाऱ्यांवर पाय ठेवण्यापूर्वी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत, आणि त्यांनी नको म्हटले तर त्या वर्षी बाजूला उभे राहून हात जोडावेत. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्याने जत्रेच्या गर्दीतही शिरू नये. २०२५ च्या मे महिन्यात याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले, ते दुःख अजून ताजे आहे. देवीला भक्ताचा देह धडधाकट हवा असतो, अशी आपली श्रद्धा आहे.

जत्रा संपते, होमकुंड विझते, धोंड आपापल्या घरी परततात. शस्त्रक्रियेचे टाकेही असेच काही दिवसांत भरून येतात. त्यानंतरच्या साध्या, कोणी न पाहिलेल्या सकाळी जो चपला पायांत घालून घराबाहेर पडतो, त्याचेच व्रत खऱ्या अर्थाने सिद्धीस जाते.