नामांतर क्यूबचे, काळजी आकड्यांची

'गेल्या तिमाहीत ठाणे जिल्ह्यात आपली टूथपेस्ट किती खपली?' हा प्रश्न कंपनीच्या बैठकीत सहज विचारला जातो. त्याचे उत्तर विक्रीच्या लाखो नोंदी चाळून काढायचे, तर वेळ लागतो. बहुमितीय डेटाबेसमध्ये मात्र ते क्षणार्धात मिळते. तेथे आकडे 'क्यूब'मध्ये मांडलेले असतात. काळ ही क्यूबची एक मिती, जिल्हा दुसरी आणि उत्पादन तिसरी. १२ महिने, ३६ जिल्हे आणि ५० उत्पादने घेतली, की २१,६०० कप्पे होतात. मिती तीनच असाव्यात, असे बंधनही नाही. या विश्लेषणपद्धतीला 'ओलॅप' हे नाव १९९३ मध्ये ई. एफ. कॉड यांनी दिले.

पण जग स्थिर नसते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. नकाशावर दोन्ही बदल सारखेच भासतील. क्यूबच्या दृष्टीने मात्र पहिला पुनर्रचनेचा आहे आणि दुसरा केवळ नामांतराचा.

१९९२ मध्ये बाजारात आलेल्या आणि २००७ पासून ओरॅकलकडे असलेल्या 'एसबेस' या प्रणालीचे उदाहरण घेऊ. तिच्यात मितींचा आराखडा वेगळा आणि आकडे वेगळे असतात. घटकाचे नाव बदलले, तर केवळ आराखड्यात दुरुस्ती होते. आकडे जागचे हलत नाहीत. नवा जिल्हा जोडणे हे याहून मोठे काम. जिल्हा आणि उत्पादन या सहसा 'विरळ' मिती असतात, कारण प्रत्येक जिल्ह्यात प्रत्येक वस्तू खपतेच असे नाही. अशा मितीत घटक वाढला, की फक्त अनुक्रमणिका नव्याने लिहिली जाते. महिन्यांसारख्या 'दाट' मितीत घटक जोडला किंवा हलवला, तर मात्र आकड्यांचा प्रत्येक गठ्ठा नव्याने बांधावा लागतो. क्यूब मोठा असेल, तर हे काम तासन् तास चालते आणि त्यासाठी डिस्कवर भरपूर मोकळी जागाही लागते.

खरा धोका वेगळाच आहे. जिल्ह्यांची नवी यादी फाइलमधून भरताना संगणकाला नामांतर कळत नाही. त्याच्या लेखी जुना जिल्हा नाहीसा झालेला असतो आणि नवा उगवलेला असतो. यादीत नसलेले घटक काढून टाकण्याची सूचना दिलेली असेल, तर जुन्या नावाबरोबर त्याचे सारे आकडेही पुसले जातात. म्हणून जाणकार मंडळी घटकाला न बदलणारा सांकेतिक क्रमांक देतात आणि लोकांना दिसणारे नाव पर्यायी नाव म्हणून जोडतात. मग नामांतर कितीही वेळा होवो, इतिहास अबाधित राहतो.

संपूर्ण क्यूबचे नाव बदलतानाही हेच भान हवे. मायक्रोसॉफ्टच्या 'अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेस'मधील बहुमितीय क्यूबला दिसणाऱ्या नावाखेरीज अंतर्गत ओळखही असते. नाव बदलले तरी ती ओळख कायम राहते. पण अहवालांतील प्रश्न नावानेच विचारले जातात. त्यामुळे आकडे सुरक्षित असूनही जुने अहवाल क्यूब सापडत नसल्याची तक्रार करू लागतात.

पालघरसारख्या विभाजनाचा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. नवा कप्पा उघडला, तरी २०१४ पूर्वीची विक्री ठाण्याच्याच खात्यावर राहते. ती तालुकावार नोंदलेली असेल, तरच नव्या सीमांप्रमाणे विभागता येते. तसे न करता तुलना केली, तर ठाण्यातील विक्री एकाएकी घसरल्याचे दिसेल आणि बिचाऱ्या विक्री अधिकाऱ्याला विनाकारण जाब विचारला जाईल!

तेव्हा बदलापूर्वी आकड्यांची प्रत काढून ठेवावी, क्यूबवर अवलंबून असलेल्या अहवालांची यादी करावी आणि प्रयोग आधी नकलेवर करावा. बदलानंतर बेरजा नव्याने मांडून जुन्या एकूण रकमेशी ताडून पाहाव्यात. त्या जुळल्या, तरच नामांतर सुखरूप पार पडले असे समजावे.