नॅनो : धानाच्या बांधीपासून मेंदूच्या गाठीपर्यंत

नॅनो हा शब्द आता आपल्या जिल्ह्यात नवा राहिला नाही. २०२१ मध्ये इफकोची नॅनो युरियाची बाटली आली आणि तो धानाच्या बांधीपर्यंत पोचला. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. याच मापाच्या कणांनी मेंदूतील गाठ शोधता येईल का, तिच्यावर औषध नेता येईल का, यावर जगभर संशोधन सुरू आहे.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट विणीच्या असतात. रक्तातले विष आत शिरू नये म्हणून निसर्गाने घातलेला हा धुराच समजा. पण तो बहुतेक औषधांनाही अडवतो. डोस वाढवावा, तर बाकी शरीराला त्रास. तणासाठी फवारावे अन् धानच पिवळे पडावे, तसे हे होते.

म्हणून शास्त्रज्ञ कणाला 'पत्ता' जोडून पाहतात. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीला लोह जास्त लागते. रक्तातले लोह वाहणारे प्रथिन म्हणजे ट्रान्सफेरिन. त्याला आत घेणारी दारे गाठीच्या पेशींवर जास्त असतात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरही असतात. कणावर ट्रान्सफेरिन बसवले, की तो त्या दारांतून शिरण्याची शक्यता वाढते. कण लोहाच्या ऑक्साइडचा असला, तर एमआरआयमध्ये दिसतो आणि सोबत औषधही नेऊ शकतो.

मग हा उपचार नागपूरला मिळतो काय? नाही. असे पत्ता जोडलेले कण अजून संशोधनाच्या आणि चाचण्यांच्या टप्प्यात आहेत. लोहाचे कण सुईने थेट गाठीत सोडून चुंबकीय क्षेत्राने तापवायचे, या जर्मन पद्धतीला २०१० मध्ये युरोपात परवानगी मिळाली होती. पण २०२२ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत गेली. आजही मुख्य उपचार म्हणजे शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे. कोणी 'नॅनो थेंब' म्हणून बाटली दाखवली, तर त्यासाठी बैलजोडी विकू नका जी!

लक्षणांकडे मात्र लक्ष ठेवा. सकाळी वाढणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, नजर कमी होणे, एका बाजूचे हातपाय दुबळे पडणे, मोठ्या वयात पहिल्यांदाच झटका येणे. प्रत्येक डोकेदुखी गाठीची नसते. पण झटका आला म्हणून कांदा-जोडा हुंगवत बसू नका. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात दाखवा. नागपूरला पाठवले, तर रेशनकार्ड सोबत न्या आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा.