तळघरातली चक्की

पार्किंगच्या कोपऱ्यात, एका जड लोखंडी झाकणाखाली तो बुडून बसलेला असतो. सोसायटीतल्या निम्म्या लोकांना तो आहे हेही ठाऊक नसतं. एखाद्या सकाळी तळघरातल्या ड्रायव्हरांच्या संडासातून पाणी उलटं वर येतं आणि मग वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव असतं : कटर पंप.

रस्त्याखालची ड्रेनेज लाइन वर आणि तळघर तिच्याही खाली, अशी शहरांतल्या नव्या इमारतींची रचना. मैला आपण होऊन चढ चढत नाही. तो आधी संपमध्ये, म्हणजे तळाच्या खड्ड्यात जमतो, तिथून पंपाने वर ढकलावा लागतो. साधा मैलापंप घन वस्तू तशाच पुढे सारतो, त्यामुळे त्याला जाड पाइप हवा. ‘कटर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्राइंडर पंपाची रीत निराळी. त्याच्या तोंडाशी मोटरच्याच शाफ्टवर कठीण पोलादाचं पातं फिरतं आणि भोवती दातेरी कडं स्थिर असतं. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर दोन पोलची मोटर मिनिटाला 2,900च्या आसपास फेरे घेते. सापडेल त्याचा खिमा होतो आणि दीड-दोन इंची पाइपातून निघून जातो. ‘कटर’ म्हणून विकला जाणारा प्रत्येक पंप मात्र दळत नाही. काही नुसते इम्पेलरच्या धारेवर फाडतात. दुकानात हे विचारून घेतलेलं बरं.

पाण्यात बुडवून चालवायचा उपसा पंप स्वीडनच्या फ्लिग्ट कंपनीने 1947मध्ये बनवला, तो खाणी आणि बांधकामांसाठी. मैल्यासाठीचा पंप त्यानंतर काही वर्षांनी आला. मोटर पाण्यातच ठेवण्यात एक सोय आहे : भोवतीचं पाणीच तिला थंड ठेवतं. म्हणूनच पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणारा फ्लोट अडकून संप कोरडा पडला आणि पंप चालूच राहिला, की ती तापते.

तपासणीची सुरुवात झाकणापासून नाही, पॅनेलपासून होते. मेन स्विच खाली, फ्यूज काढून खिशात. मग केबल सोडून इन्सुलेशन मोजणारा मेगर लावायचा, वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये. धडधाकट मोटर शेकडो मेगओम दाखवते. एक मेगओमच्या खाली काटा आला, तर ती मोटर चालू करायचीच नाही. पुष्कळदा गुन्हेगार मोटर नसतेच. कुणीतरी संपमध्येच केबलला जोड देऊन वर टेप गुंडाळलेली असते आणि तांब्याच्या तारांमधून पाणी हळूहळू थेट मोटरपर्यंत चढलेलं असतं.

पंप वर घ्यायचा तो साखळीने. केबलला धरून कधीच नाही. धुऊन आडवा केला, की मेकॅनिक आधी तेलाचा बोल्ट सोडतो. मोटर आणि मैला यांच्यामध्ये दोन मेकॅनिकल सील असतात आणि त्या दोघांमध्ये तेल. हे तेल म्हणजे पंपाची नाडी. वाटीत ओतल्यावर स्वच्छ दिसलं तर निर्धास्त राहावं. दुधाळ, ताकासारखं आलं, तर खालचं सील गेलं आणि पाणी आत शिरलं. वरचं सील शाबूत आहे तोवर मोटर वाचते, पण ती उसन्या वेळेवर चालते आहे. सील आत्ता बदललं तर काम थोडक्यात निभावतं, महिनाभर थांबलं तर रिवाइंडिंगचं बिल येतं. कमिट्या बहुधा थांबतात.

मग पातं. वाळूने त्याची धार बोथट होते, फटीत चिंध्या गुंडाळल्या जातात. सुरीने सोडवताना निघतं ते ठरलेलं असतं : वेट वाइप्स, सॅनिटरी पॅडचे तुकडे, फरशी पुसायच्या फडक्याच्या दशा आणि सगळ्याला लिंपलेलं थिजलेलं तेल-तूप. पाकिटावर काहीही छापलेलं असो, हे वाइप्स कागदासारखे विरघळत नाहीत.

थ्री-फेज पंपाची एक खोडी कानाला कळत नाही. वीजजोडणीचं काम झालं आणि दोन फेज अदलाबदल झाले, तर मोटर उलटी फिरते. आवाज ठीक, पाणी मात्र कमी. म्हणून पंप खाली सोडण्याआधी साखळीवर लटकता ठेवून क्षणभर स्विच द्यायचा. पंप ज्या बाजूला झटका खातो, त्याच्या उलट दिशेने आतला रोटर फिरत असतो. बॉडीवरच्या बाणाशी ताडून पाहिलं की झालं.

खरी गफलत या सगळ्याच्या आधीच, इमारत बांधताना झालेली असते. नीट बसवलेला पंप दोन गाइड पाइपांवरून सरकत खाली जातो आणि स्वतःच्या वजनाने तळाच्या बेंडवर घट्ट बसतो. खाली एकही नट आवळावा लागत नाही. पुष्कळ ठिकाणी हा खर्च वाचवून पंप नायलॉनच्या दोरीला टांगलेला असतो आणि पाइप क्लॅम्पने जोडलेला. तो क्लॅम्प सोडवायला मग कुणाला तरी उतरावं लागतं. संपमधला हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी साठतो. सडक्या अंड्यांचा त्याचा वास प्रमाण वाढलं की नाकाला येईनासाच होतो, त्यामुळे ‘वास नाही, उतर’ हा सल्ला जीवघेणा. संरक्षक साधनांशिवाय गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला 2013च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023मध्ये 10 लाखांवरून 30 लाख केली. त्यापुढे गाइड पाइपांचं कोटेशन महाग कसं वाटतं, हे कमिटीलाच विचारावं.

पंप परत खाली जातो. कधी कधी तो नुसता गुणगुणतो, पाणी चढत नाही. आत हवा अडकलेली असते. मेकॅनिक साखळी हातभर वर ओढून पुन्हा सोडतो, बुडबुडे फुटतात. क्लॅम्प मीटरवर तिन्ही फेजचे अँपिअर जुळतात. पाणी उतरतं, फ्लोट कलंडतो, पंप थांबतो आणि वरच्या पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह थप्पकन मिटतो. वॉचमन झाकण सरकवायला वाकतो, तर मेकॅनिक त्याला थांबवतो. साखळीची एक कडी गंजून निम्मी झालेली आहे, ती आधी बदलायची.