काचेच्या नळीतली वीस मिनिटं

मे महिन्यातला शेवटचा रविवार. चिपळुणात दुपारचे अडीच वाजताहेत. हॉलच्या दाराशी रजिस्टर ठेवलं आहे. येणारा प्रत्येक डॉक्टर त्यात नाव, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक लिहितो आणि सही करतो. 5 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर 30 क्रेडिट तास जमावे लागतात, त्यामुळे ही सही कोणी विसरत नाही. कौन्सिलचे निरीक्षक शेवटच्या रांगेत बसले आहेत.

पण आज लोक केवळ क्रेडिटसाठी आलेले नाहीत, हे खुर्च्यांवरूनच कळतंय. एरवी सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या अशा शिक्षणसत्राला, मागच्या रांगा आधी भरतात. आज पुढच्या भरल्या आहेत. पाऊस पंधरवड्यावर आलाय, लावणीच्या दिवसांत दंशाचे रुग्ण वाढतात आणि आजचा विषय आहे सर्पदंश.

बोलणाऱ्या मॅडम अतिदक्षता विभागात काम करतात. त्या स्लाइड लावत नाहीत. "रक्त कोण देतंय?" असं विचारतात. ग्रामीण रुग्णालयातला एक तरुण डॉक्टर बाही वर करून पुढे होतो. मॅडम त्याचं रक्त काढतात. 2 मिली काचेच्या कोरड्या, नव्या टेस्ट ट्यूबमध्ये, 2 मिली प्लॅस्टिकच्या नळीत. दोन्ही नळ्या स्टँडमध्ये उभ्या राहतात. फळ्यावर वेळ लिहिली जाते : 2:50. "आता वीस मिनिटं यांना कुणी हात लावायचा नाही."

थांबण्याच्या या वेळात प्रश्न सुरू होतात, आणि मला वाटतं खरी सीएमई इथेच सुरू होते. देवरुखकडचे एक डॉक्टर विचारतात, "मॅडम, चापडा चावला तर?" उत्तर सरळ येतं : आपलं एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचं इंजेक्शन, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याच विषावर बनतं, चापड्यासाठी ते नाही. रुग्णावर नजर ठेवा, रक्त गोठतंय का आणि लघवी होतेय का ते पाहा, गरज दिसली तर वेळ न घालवता पुढे पाठवा. दुसरा प्रश्न डोसचा. लहान मुलाला कमी द्यायचं का? "नाही. साप मुलाचं वजन बघून विष सोडत नाही. मोठ्याला जेवढं, तेवढंच मुलाला." समोरची माणसं हे वहीत उतरवून घेताहेत. मीही घेतो.

3:10. मॅडम काचेची नळी उचलून हळूच तिरकी करतात. रक्ताची घट्ट गुठळी तळाशी बसली आहे, हलत नाही. मग प्लॅस्टिकची नळी. रक्त अजून वाहतंय.

"हा माणूस ठणठणीत आहे," त्या म्हणतात. "प्लॅस्टिकच्या भरवशावर, विष भिनलंय असं समजून, तुम्ही याला एएसव्हीच्या दहा व्हायल लावल्या असत्या."

हॉल गप्प होतो. काचेच्या स्पर्शानं रक्त गोठायला लागतं, प्लॅस्टिकमध्ये तसं होईलच असं नाही. साबणानं धुतलेली काचही दगा देते. हे आम्ही पुस्तकात वाचलेलं आहे. पण आमच्या कितीतरी दवाखान्यांत आज काचेची नळी मिळतच नाही, सगळा माल प्लॅस्टिकचा येतो. आणि एएसव्ही घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्याची तीव्र रिअॅक्शन येऊ शकते. म्हणून ते सुरू करण्याआधी अॅड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी हवं. गरज असेल तेव्हा हा धोका पत्करायचाच. गरज नसताना कशाला?

मधल्या रांगेतले एक वयस्कर डॉक्टर उठतात. संगमेश्वर भागात आयुष्य घालवलेला माणूस, आवाज बारीक. ते एका मुलाबद्दल सांगतात. जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात दुखतंय म्हणून रडत उठला. अंगावर सूज नाही, दाताची खूण नाही. आम्लपित्ताचं औषध देऊन घरी पाठवला. दुपारी आईनं परत आणला तेव्हा पापण्या मिटत होत्या. "मण्यार होती," ते म्हणतात आणि पुढचं न सांगता खाली बसतात. कोणी विचारतही नाही.

मॅडम थोडा वेळ थांबून तिथूनच पुढे नेतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला रुग्ण पहाटे पोटदुखी घेऊन आला, तर त्याला डोळे वर करायला सांगा. एका श्वासात आकडे मोजायला सांगा आणि आकडा लिहून ठेवा. अर्ध्या तासानं तो कमी झाला तर विष चढतंय असं समजा. नाग असेल तर अॅट्रोपिन आणि निओस्टिग्मिननं पापण्या उघडतात, मण्यारीत त्यावर फार विसंबू नका. श्वास थांबला तर अॅम्ब्यू बॅग. रुग्ण हलत नाही, डोळे उघडत नाही, तरी तो शुद्धीवर असू शकतो, तुमचं बोलणं ऐकत असू शकतो. त्याला मेला समजू नका.

चहानंतर सरावाचा बाहुला टेबलावर येतो. बॅग दाबायला डॉक्टर जरा संकोचतात. आयोजकांनी बोलावलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या दोन सिस्टर मात्र लगेच पुढे येतात. एकीचा हात इतका नेमका पडतो की मॅडम बाकीच्यांना तिच्याभोवती उभं करतात. 108 रुग्णवाहिकेवरचा बीएएमएस डॉक्टर तिच्याकडून मास्कची पकड शिकतोय. या दोघांनाही आजचं क्रेडिट मिळणार नाही. कौन्सिलच्या वहीत त्यांची नोंदच नाही. पण रात्री दोन वाजता दंशाचा रुग्ण पहिल्यांदा यांच्याच हातात येतो.

विंचवाचा विषय मॅडम दहा मिनिटांत उरकतात, कारण तो कोकणानंच जगाला शिकवला आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवला, 1986 मध्ये तो 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. इथून हायवेनं थोडं वर गेलं की महाड. खेड्यातल्या डॉक्टरानं आपले रुग्ण नीट पाहिले आणि लिहून ठेवले, एवढ्यावर ते काम उभं राहिलं. हे सांगताना मॅडमचा आवाज वर चढतो. समोरची तरुण मंडळी ताठ बसलेली दिसतात.

भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. ती बहुतेक खेड्यातली. त्यांच्या उपचाराचं शिक्षण मात्र अजून बऱ्याचदा शहरातल्या वातानुकूलित सभागृहांत, ज्यांना असे रुग्ण क्वचित दिसतात अशांसाठी होतं. हे मला पटत नाही. आजचा हॉल साधा आहे, पंखे गरगरताहेत, आणि आज मी जे पाहिलं ते उद्या सकाळीच माझ्या दवाखान्यात वापरणार आहे.

तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनांना एवढीच विनंती : दरवर्षी पावसाआधी एक रविवार यासाठी ठेवा. सिस्टरना बोलवा, 108 वरच्या डॉक्टरांना बोलवा, क्रेडिट मिळो न मिळो. आणि घरी जाताना प्रत्येकाच्या हातात काचेच्या चार नव्या टेस्ट ट्यूब द्या.