जुना टीव्ही बंद पडला : घरी काय करावे, कुठे हात थांबवावा

आपल्या वस्तीत बऱ्याच घरांत अजून मागे मोठे पोट असलेला जुना टीव्ही आहे. कुणी हप्त्याने घेतलेला, तर कुणाला कामावरच्या घरून मिळालेला. तो बंद पडला की घरातला हुशार मुलगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मागचे झाकण उघडायला बसतो. मेकॅनिकचे पैसे वाचावेत, हा विचार काही वाईट नाही. तरीही आरोग्याच्या पानावर हा विषय आम्ही घेत आहोत, कारण झाकणाबाहेरचे बरेच काम घरी करता येते, झाकणाच्या आतले मात्र जिवावर बेतू शकते.

आत काय असते?

ठाकुर्ली स्टेशनवर गाडीच्या वरच्या तारेत 25,000 व्होल्टची वीज असते. त्या तारेजवळ जायचे नाही, हे आपण लहान मुलांनाही शिकवतो. रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबलाही साधारण 20,000 ते 30,000 व्होल्ट लागतात. घरात वीज 230 व्होल्टचीच येते. टीव्हीतला एलओटी नावाचा ट्रान्सफॉर्मर तो दाब इतका चढवतो. फरक एवढाच, की रेल्वेच्या तारेमागे न संपणारा पुरवठा असतो आणि ट्यूबमध्ये साठा थोडा असतो.

पण हा साठा प्लग काढल्यावरही राहतो. ट्यूबची काच वीज धरून ठेवते, तासन्‌तास, कधी त्याहूनही जास्त. शिवाय किटवर एक मोठा कंडेन्सर असतो. त्यात 300 व्होल्टच्या आसपास वीज साठते आणि तिचा झटका जीव घेऊ शकतो. झटक्याने हात उडून ट्यूबच्या बारीक मानेवर आदळला तर मान तुटते. ट्यूबच्या आत हवा नसते, त्यामुळे काच फुटून तिचे तुकडे अंगावर येऊ शकतात. जुन्या चपट्या टीव्हीतही कंडेन्सर आणि जास्त दाबाचे भाग असतात, म्हणून तोही उघडू नये.

झाकण न उघडता काय तपासावे?

1. लाल दिवाच लागत नसेल तर त्याच बोर्डावर मोबाईलचा चार्जर लावून पाहा. चार्जर चालला नाही, तर दोष टीव्हीचा नाही, बोर्डाचा आहे. मग टीव्हीचे पुढचे बटण दाबलेले आहे का आणि वायर कुठे उंदराने कुरतडली आहे का, ते पाहा. वायर बघण्याआधी प्लग काढा. कापलेल्या वायरीला चिकटपट्टी लावून वापरू नका.

2. लाल दिवा लागतो, पण रिमोट चालत नसेल तर सेल बदला. रिमोटचे टोक मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर दिवा लुकलुकताना दिसला, तर रिमोट बहुतेक ठीक आहे. काही मोबाईलमध्ये तो फक्त पुढच्या कॅमेऱ्यात दिसतो.

3. पडदा निळा किंवा मुंग्यांचा असेल तर टीव्ही बहुधा चांगला असतो, चित्रच पोचत नसते. सेट-टॉप बॉक्स बंद करून पुन्हा चालू करा. पिवळी पिन चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. त्या घट्ट बसवा आणि रिमोटवरचे एव्ही बटण दाबून पाहा. छतावरच्या जुन्या अँटेनावर दूरदर्शन मिळण्याचे दिवस आता जवळजवळ संपले आहेत. दूरदर्शनच्या फ्री डिशला मात्र महिन्याचे भाडे नाही.

4. कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग दिसत असेल तर जवळचा स्पीकर दूर करा. टीव्ही अर्धा तास पूर्ण बंद ठेवून मग चालू करा. थंड टीव्ही चालू होताना डाग घालवणारी कॉइल आपोआप काम करते.

5. मधोमध एकच आडवी पांढरी रेघ, चरचर आवाज, जळका वास किंवा धूर दिसला तर टीव्ही लगेच बंद करा. धूर असेल तर मेन स्विच पाडा आणि पाणी ओतू नका. पुढचे काम मेकॅनिकचे.

फ्यूज उडाला म्हणून त्यात जाड तार घालू नका. फ्यूज उगाच उडत नाही, आत काहीतरी बिघडलेले असते. पावसाचे पाणी आत गेलेला टीव्ही वरून सुकला तरी लावू नका. टीव्ही भक्कम टेबलावर ठेवा. त्याचे सगळे वजन पुढच्या काचेकडे असते, मुलाने ओढला तर तो मुलाच्याच अंगावर पडतो.

मेकॅनिककडून काम घेताना

खर्च आधी विचारा आणि काढलेला पार्ट परत मागा. सुटलेले सोल्डर किंवा फुगलेला कंडेन्सर ही कामे सहसा स्वस्तात होतात. पिक्चर ट्यूबच गेली असेल तर पैसे घालू नका. काम चालू असताना मुलांना दूर ठेवा. घरात ईएलसीबी असेल तर चांगलेच, पण ट्यूबमध्ये साठलेल्या विजेपासून तो वाचवत नाही.

झटका बसला तर

आधी मेन स्विच पाडा. तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने माणसाला वेगळे करा, उघड्या हाताने शिवू नका. माणूस हलत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर 108 ला फोन लावायला सांगा आणि छाती दाबायला लागा. तळहाताची टाच छातीच्या मधोमध ठेवून किमान 5 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबा. मदत येईपर्यंत थांबू नका. पाणी पाजणे, मातीत पुरणे यात मोलाची मिनिटे जातात.

भाजले असेल तर 20 मिनिटे वाहते पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट लावू नका. विजेचे भाजणे वरून टिकलीएवढे दिसते, पण आत खोल असू शकते. छातीत धडधड, चक्कर किंवा क्षणभर शुद्ध गेली असेल तर माणूस बरा दिसला तरी शास्त्रीनगर किंवा रुक्मिणीबाई रुग्णालयात नेऊन ईसीजी काढून घ्या. गरोदर बाईला झटका बसला तर तपासणी टाळू नका.

टीव्ही कायमचा गेला तर

तांब्यासाठी तो फोडू नका. ट्यूबच्या काचेत शिसे असते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते. आपल्याच वस्तीतली भावंडे भंगाराचे काम करतात, ट्यूब फोडण्याची जोखीम त्यांच्या माथी मारू नये. टीव्ही अख्खाच ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या. ते कुठे आहे याची चौकशी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात करा.

हे पान कापून मेन स्विचजवळ चिकटवा. आणि मेन स्विच कुठला, तो कसा पाडायचा, हे आजच घरातल्या सगळ्यांना, आजीला आणि शाळकरी मुलांनाही दाखवून ठेवा.